नाकचिमटा आणि बाण

४ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस,

लहानपणी तू एका उत्तरातून तीन प्रश्न काढायचीस, म्हणून मी तुझं हे नाव ठेवलं. आता प्रश्न विचारायची पाळी तुझ्या मामावर आली आहे. फोन करत नाही. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, हे तुला माहीत आहे. पत्र निदान दोनदा वाचता येतं.

तपकीर लंगडते आहे. कॉलेजात असताना तू तिच्यावरून वाळूत पडलीस आणि उठून तिलाच विचारलंस, "तुला लागलं का?" तीच तपकीर. गेल्या आठवड्यात धुतलेल्या फरशीवर तिचा पुढचा उजवा पाय घसरला, तेव्हापासून ती तो टेकवते न टेकवल्यासारखा. टापेत पू झाला तरी असंच होतं, म्हणून आधी टाप तपासली, तासली, काही निघालं नाही. दुखतं ते टापेच्या वरच्या आखूड हाडात. तिथे बोट लावलं की ती मान वळवून माझ्याकडे बघते. चावत नाही, नुसती बघते.

माझ्या अंदाजानं त्या हाडाला केसाएवढी भेग पडली आहे. भेग अर्ध्यावर थांबली असेल, तर ठाणावर तीन-चार महिने नुसतं उभं राहून घोडी बरी होईल. पण ती खालच्या सांध्यात उतरली असेल, तर काही खरं नाही.

आमचे मॅनेजर म्हणतात, "पाय मोडलाय, घोडी संपली. महिनाअखेरीला नवी जनावरं येतायत, ठाण मोकळं करा." मोकळं करा म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. या घोडेस्वारीच्या शाळेचा डॉक्टर मी, तेव्हा सुई मलाच टोचायची आहे. मी सांगितलं, "टोचीन, पण हाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही." ते म्हणाले, "बघा काय बघायचं ते. पण महिनाअखेरपर्यंत."

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐक. इथलं हॉस्पिटल घोडीला आत घेत नाही आणि आपलं यंत्र बाहेर देत नाही. पण आमचे हाडांचे डॉक्टर वारले, त्यांच्या दवाखान्यातलं एक जुनं, उचलून नेता येणारं एक्स-रेचं यंत्र त्यांच्या बायकोनं मला दिलं. सोबत शिशाचा एप्रन, फिल्म धरायची पेटी आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिका जर्मन भाषेत. घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार तिच्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टर, लाथ मारणारं जनावर परवडलं, त्याची लाथ कुठून येणार ते तरी माहीत असतं."

तू रोज माणसांची हाडं टिपतेस, जर्मनही शिकली आहेस. दोन दिवसांची रजा काढ आणि ये. मी तपकिरीला मारणार नाही असं नाही. पण न बघता मारणार नाही, हे पक्कं.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र वाचलं आणि कशात लक्ष लागेना. पण मी येऊ शकत नाही. रजा मिळेल. अडचण वेगळी आहे. मला सध्या यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायला मनाई आहे. आमच्या काय, तुझ्या यंत्राजवळही मी उभी राहू शकत नाही. मला टेबलाचं काम दिलं आहे आणि आठवड्यातून दोनदा नव्या मुलामुलींना शिकवायला लावलं आहे. का, ते विचारू नकोस. आणि आईला यातलं काही कळवू नकोस.

पण मी नाही म्हणून काही अडणार नाही. जो माणूस उभ्या घोडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून शिंगरू सरळ करतो, त्याला एक बटण दाबता येईल. नीट वाच आणि सांगते तसंच कर.

पहिली गोष्ट, उशीर झाला म्हणून घाबरू नकोस. केसाएवढी भेग पहिल्या दिवसांत फिल्मवर बहुतेक दिसतच नाही. दोनेक आठवड्यांत तिच्या कडा झिजतात, ती रुंद होते आणि मग दिसते. तोवर पाय घट्ट बांधून ठेव, तिला चालवू नकोस.

दुसरी गोष्ट, दवाखान्यातल्या जुन्या फिल्म टाकून दे. मी ताज्या फिल्म आणि त्या धुवायची पूड पार्सलनं पाठवते आहे. अंधारी खोली लागेल. तुमची खोगिरं ठेवायची खोली घे, खिडकीवर घोड्यांच्या झुली टांग.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फिल्मची पेटी कोणीही हातात धरायची नाही. तिला लांब दांडा ठोकून घे. यंत्राचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला कोणी उभं राहायचं नाही. एप्रन एकच आहे, तो घोडीचं डोकं धरणाऱ्याला घालायचा. बटण दाबणाऱ्यानं वायर पुरेल तेवढं लांब जायचं. एप्रनला कुठे चीर गेलेली नाही ना, ते आधी बघ.

पुस्तिकेत जिथे चौकट किंवा लाल रेघ असेल, ते अक्षरन् अक्षर उतरवून पाठव. जर्मन लोक उगाच चौकट काढत नाहीत.

तुझी प्रश्नपत्रिका


१२ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस,

पार्सल आलं. दांडा ठोकून झाला, झुली टांगून झाल्या. आधी तुझं बोलू.

यंत्राच्या खोलीत जायला मनाई, टेबलाचं काम, कारण विचारू नका, आईला कळवू नका. अगं, मी काही कालचा नाही. तू कोणाला तरी तोंडावर खरं बोललीस आणि त्यानं तुला बाहेर बसवलं. तुझा स्वभाव आमच्या घरातला आहे, तो मला ओळखू येतो. मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या घोड्यालाही कधीकधी रिंगणाबाहेर उभं करतात, ते शिक्षकाला झेपत नाही म्हणून. काही लागलं तर मी आहे.

आता माझी कमाई ऐक. पुस्तिकेत एकाच शब्दाला लाल चौकट आहे. शब्द इतका लांब आहे की एका ओळीत मावला नाही, छापणाऱ्यानं तो मध्येच मोडला आहे. इथल्या शाळामास्तरांनी उच्चार सांगितला तो असा: ब्रेम्सश्ट्रालुंग. खाली जर्मन अक्षरंही उतरवली आहेत. पण मी हातावर हात ठेवून बसलो नाही. आमच्या कपाटात एक जुना कोश सापडला, घोड्यांच्या वैद्यकाचा, एका बाजूला जर्मन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. कोणे एके काळच्या जर्मन शिक्षकाचा असावा. अख्खा शब्द त्यात नव्हता, म्हणून तू करतेस तसा तो मधोमध तोडला.

पहिला तुकडा ब्रेम्स. कोशात ब्रेम्जं सापडला. अर्थ काय, तर अडेल घोड्याच्या नाकाला लावायचा चिमटा. दांड्याला दोरीचा फास असतो, तो वरच्या ओठात घालून पिळायचा की घोडं जागच्या जागी उभं राहतं. तुला तो दाखवला होता, तू रडली होतीस.

दुसरा तुकडा श्ट्राल. अर्थ, टापेच्या तळाशी मधोमध असते ती मऊ त्रिकोणी गादी. मागे राहिलं ते शेपूट, त्याला मी भीक घातली नाही.

आता तूच सांग, माणसांच्या यंत्रात नाकाचा चिमटा आणि टापेची गादी कशाला येतील? एका टोकाला नाक, दुसऱ्या टोकाला टाप, म्हणजे मध्ये अख्खं घोडं आलं. हे यंत्र मुळात घोड्यांसाठी बनवलेलं आहे आणि आमचे हाडांचे डॉक्टर बिचारे ते जन्मभर माणसांना लावत बसले. मोतद्दाराला हे सांगितल्यापासून तो यंत्राला सलाम करतो.

येत्या गुरुवारी पहिला फोटो काढतो.

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी टेबलावर वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या. किती दिवसांनी हसले ते तुला सांगत नाही.

यंत्र माणसांचंच आहे. पण तुझा कोशही खोटा नाही, आणि मला त्याचंच नवल वाटतं. हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिते, मुलांकडून पाठ करून घेते, आणि आजवर एकदाही तो तुझ्यासारखा मधोमध तोडून बघितला नव्हता. आता रिकामा वेळ आहे, तर ग्रंथालयात जाऊन जर्मन शब्दांच्या कुळाचा जाडजूड कोश काढला आणि दुपारभर बसले.

ब्रेम्जं म्हणजे आज ब्रेक. गाडीचा, सायकलचा, आगगाडीचा. पण चाकांच्या आधी घोडं होतं. शब्दाचं मूळ दाबणं, आवळणं असं आहे, आणि तो आधी तुझ्या नाकचिमट्याचं नाव होता. घोड्याला जे थांबवतं त्याचं नाव पुढे चाकाला जे थांबवतं त्याला मिळालं. श्ट्राल आज किरण आहे. पण फार पूर्वी त्याचा अर्थ होता बाण. पुढे आकाशातून येणाऱ्या विजेला लोक तेच म्हणू लागले, मग उन्हाच्या तिरिपेला. आणि टापेखालची गादी बाणाच्या टोकासारखी दिसते, म्हणून घोडेवाल्यांनी तिलाही तेच नाव दिलं. तू ज्याला भीक घातली नाहीस त्या शेपटामुळे नुसता किरण न राहता किरणांचं निघत राहणं असा अर्थ होतो. तुझ्या कोशानं हा शब्द लहानपणी पाहिला आहे, मी तो मोठा झाल्यावर पाहिला, एवढाच फरक.

दोन्ही जोडले की होतं, थांबवल्यामुळे निघणारे किरण. यंत्राच्या नळीत हेच होतं. एका टोकाकडून अतिसूक्ष्म कण भरधाव सोडतात, दुसऱ्या टोकाला जड धातू असतो. त्यात शिरताना त्यांना एकदम आवर बसतो. त्यांची धाव कुठेतरी जायला हवी ना? तीच किरण होऊन बाहेर पडते. धावत असताना नाही, मामा. थांबवल्यावर. पण सगळी नाही, शंभरातला जेमतेम एक भाग. बाकीची नुसती उष्णता. म्हणून दोन फोटोंच्या मध्ये यंत्राला गार होऊ दे. मला बाहेर बसवल्यावर माझ्यातूनही सध्या बहुतेक उष्णताच निघते आहे, घरच्यांना विचार.

चौकटीचा अर्थ असा, की बटण दाबलेलं असताना हे किरण निघतात, तेव्हा मी सांगितलेले नियम पाळ. आणि पहिला फोटो कसा आला ते लगेच कळव.

मला कोणीही कामावरून काढलेलं नाही. तू आपला घोडीकडे बघ.

तुझी प्रश्नपत्रिका


२० फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस,

फोटो आले नाहीत. म्हणजे आले, पण सगळे हललेले. हाडाच्या जागी धूर. तपकिरीला तो पाय टेकवत नाही, ती सारखा भार बदलते, आणि नेमकं बटण दाबताना एक कान हलला तरी खाली पाय हलतो. मोतद्दारानं तिच्या कानात काय काय सांगितलं, मी गाजर धरलं, दुसऱ्या घोड्याला समोर उभं केलं. पार नाकी नऊ आले.

तू लिहिशील, चिमटा लाव. मी तो लावणार नाही. लोकांना वाटतं, अडलं घोडं की पीळ नाक. मी या घोडीला जन्मल्यापासून ओळखतो. तिला कधी चिमटा लावावा लागला नाही, आणि आता पाय दुखत असताना, शेवटच्या दिवसांत, तिनं माझ्याकडून हे शिकायचं? आणि एवढं करून फिल्मवर जे दिसायला नको तेच दिसलं तर?

खरं सांगू का, मला राग आला आहे. तू इथे असतीस तर एका दुपारचं काम होतं. आई आजारी पडली असती तर तू आलीच असतीस. मामाची घोडी म्हणजे काय, वरातीमागून घोडं आलं काय नि न आलं काय. महिनाअखेर आता चार पावलांवर आहे. घोडामैदान जवळ आहे, एवढं लक्षात ठेव.

रागात लिहिलं, पण खोडत नाही.

ता. क. तुझ्या हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना मी परवाच एक पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं, की माझी भाची फटकळ असेल पण कामात खोट सापडणार नाही, आणि तिला यंत्राबाहेर ठेवून तुम्ही आपलंच नुकसान करून घेत आहात. सही करताना खाली डिग्रीही लिहिली. घोड्यांची आहे हे लिहिलं नाही.

तुझा मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मोठ्या साहेबांनी आज मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही घरी सांगितलं नाहीत वाटतं." दारात उभ्या असलेल्या परिचारिकाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. आता अख्ख्या हॉस्पिटलात माझं नाव फटकळ आहे.

मग तुलाही सांगायलाच हवं. मला बाळ होणार आहे. चौथा महिना आहे. पोटात बाळ असताना मला त्या खोलीत जाऊ देत नाहीत, आणि मी स्वतःही जाणार नाही. एवढीच माझी मनाई.

याआधी दोनदा राहिलं आणि टिकलं नाही. पहिल्याचं आईला माहीत आहे, दुसऱ्याचं कोणालाच नाही. पहिल्या वेळी मी इथे हॉस्पिटलात पेढे वाटायची घाई केली आणि मग प्रत्येकाला वेगळं बसून सांगावं लागलं, की आता नाही. पुन्हा तसं सांगायचं माझ्यात बळ नाही, म्हणून यंदा ताकास तूर लागू दिली नाही. मला तपकिरीकडे यायचं नव्हतं असं तू लिहिलंस, ते वाचून मी रडले, आणि मग मलाही राग आला. तुझ्याएवढाच. मीही खोडत नाही.

आता चिमट्याचं. तूच मला लहानपणी शिकवलंस, की चिमटा लावला की घोडी आधी चिडते, मग तिचे डोळे अर्धे मिटतात, मान खाली येते, आणि तिचं दुखणंही थोडा वेळ कमी होतं. मी रडत होते म्हणून तू मला मुद्दाम त्या घोडीचे डोळे बघायला लावलेस. ते तू विसरलास की विसरायचं ठरवलंस? तुला चिमट्याची भीती नाही, मामा. तुला फिल्मची भीती आहे. हललेली फिल्म तुला बरी वाटते, कारण तिच्यात अजून काहीही असू शकतं. मला ही भीती चांगली ओळखीची आहे. गेल्या आठवड्यात माझी तपासणी होती आणि मी दोनदा तारीख पुढे ढकलली.

उद्या मी तपासणीला जाणार आहे. तूही पत्र मिळताच चिमटा लाव. डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळच तिनं स्थिर राहायला हवं आहे. तू बघितल्याशिवाय मारणार नाही म्हणालास. मग आधी बघ.

तुझी फटकळ भाची


२७ फेब्रुवारी

चि. सौ. प्रश्नपत्रिकेस,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ खोगिरांच्या खोलीत बसून राहिलो. मोतद्दारानं विचारलं, "डॉक्टर, वाईट बातमी का?" मी म्हणालो, "नाही रे, मीच वाईट." साहेबांना पाठवलेलं पत्र परत मागवायची काही सोय असेल तर सांग. तपासणीत काय निघालं ते आधी लिही, घोडी मग.

चिमटा लावला. फिल्मच्या पेटीचा दांडा विटांना टेकवून ठेवला, मोतद्दाराला एप्रन घातला आणि चिमट्याचा दांडा त्याच्या हातात दिला. पण फास मी माझ्या हातानं घातला, दुसऱ्या कोणाकडून तिनं तो घेऊ नये म्हणून. चिडली. मान झटकली, मोतद्दाराला भिंतीवर रेटलं. मग तू लिहिलंस तसेच डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबला, आणि दुखरा पाय तिनं पहिल्यांदा पुरा टेकवला. मी वायरच्या टोकाला होतो. बटण दाबलं, लगेच चिमटा काढायला लावला, आणि तिच्या ओठाला हातानं चोळत राहिलो. एवढंच होतं ते. इतके दिवस कशाला घाबरलो कोण जाणे.

फिल्म स्वच्छ आली आहे. हाडावर रेघ दिसते. वरच्या सांध्यापासून निघून खाली येते. मॅनेजरांनी ती खिडकीवर धरली आणि म्हणाले, "रेघ आहे ना? मग मोडलंच की." मी म्हणालो, "रेघ कुठे संपते ते महत्त्वाचं." पण खरं तुला सांगतो, माझ्या डोळ्यांना ती एकदा अर्ध्यावर थांबलेली दिसते आणि एकदा पार खालपर्यंत गेलेली. मला जे हवं तेच मी बघतोय की ज्याची भीती आहे ते, हे मला कळेनासं झालं आहे. असं माझं कधी झालं नव्हतं.

म्हणून फिल्म तुला पाठवतो आहे. तिच्यात किरण उरलेले नसतात ना? शाळामास्तरांना दोनदा विचारलं. ते नाही म्हणाले, तरीही तू आधी खात्री कर, मगच पाकीट उघड.

सुई उकळून डब्यात ठेवली आहे. सांध्यात उतरली असेल तर मी मागे हटणार नाही, तिला फरफटत जगवणार नाही. पण तुझं उत्तर येईपर्यंत कोणी तिला हातही लावायचा नाही. मॅनेजरांना तसं सांगितलं आणि ठाणाच्या दारात खुर्ची टाकून बसलो आहे. नवी जनावरं आलीच तर मॅनेजरांच्या ऑफिसात बांधा म्हणालो.

तुझा मामा


तार, २ मार्च

भेग अर्ध्यावर थांबली आहे. सांधा स्वच्छ. घोडी उभी ठेवा. पत्र येत आहे.


२ मार्च

प्रिय मामा,

तार मिळाली असेलच. फिल्ममध्ये काही उरत नाही, मी पाकीट दारातच फाडलं.

माझे डोळेही तुझ्यासारखेच फिरायला लागले, म्हणून मी स्वतः निर्णय दिला नाही. आमच्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांच्या उजेडाच्या पाटीवर फिल्म लावली आणि कोणाची आहे ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "हा कोण पैलवान?" मी म्हणाले, "आमच्या ओळखीची आहे." त्यांनी भिंग घेतलं, रेघेवरून पेन्सिल फिरवत खाली आले आणि एका जागी थांबले. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, तेही त्याच जागी थांबले. भेग सांध्याच्या बरीच वर संपते. तुला खाली जी रेघ दिसत होती ती हाडाची स्वतःची कड आहे. घोडी आहे हे सांगितल्यावर त्यांनी तिचं वय विचारलं आणि म्हणाले, "हिला सांगा, बसू नका आणि पळूही नका."

माझी तपासणीही झाली. डॉक्टरीणबाईंनी नळीचं एक टोक पोटावर ठेवलं आणि दुसरं माझ्या कानाला लावलं. घोडं दौडत यावं तसं ऐकू आलं, मामा. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. ती आधी पाच मिनिटं रागावली, मग पाच मिनिटं रडली, आणि आता रोज संध्याकाळी मला सक्तीनं झोपवायला येते.

मला पुढचे काही महिने फार हिंडायचं नाही असं सांगितलं आहे. पूर्वी मी यावर भांडले असते. मी काल वर्गात तो शब्द फळ्यावर लिहिला, मधोमध तोडला, आणि मुलांना आधी नाकचिमटा सांगितला, मग बाण, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. एक मुलगी म्हणाली, "मग घोडी वाचली का?" मी म्हणाले, उद्या तार जाईल.

खुर्चीवरून ऊठ आता, आणि जेव.

तुझी प्रश्नपत्रिका


१९ जून

चि. सौ. प्रश्नपत्रिकेस,

आज तपकिरीला ठाणाबाहेर काढलं. परवा पुन्हा फिल्म घेतली, या वेळी चिमटा लागला नाही, आपणहून उभी राहिली. रेघ भरून आली आहे. शोधावी लागते.

मॅनेजर आले होते. खरं तर ते रोज येतात, ठाणापाशी थांबतात आणि मी बघत नाही असं वाटलं की तिच्या कपाळावर हात ठेवतात. आज म्हणाले, "डॉक्टर, ही आता धावायची नाही. मग हिचं करायचं काय?" मी उत्तर तयारच ठेवलं होतं. शाळेत दर वर्षी काही पोरं घोड्याला घाबरतात, लांबूनच रडतात. त्यांना पहिले काही दिवस हिच्याजवळ नुसतं उभं करायचं. उभं राहण्यात तिच्याएवढं तयार जनावर आता दुसरं सापडणार नाही. त्यांनी वाकून तिचा पाय बघितला. मग म्हणाले, "बरं. पण तो ऑफिसात जनावरं बांधायचा विषय पुन्हा काढू नका."

फाटकापर्यंत चालली आणि परत आली. मध्ये एकदा थांबली, मान वळवून माझ्याकडे बघितलं. फेब्रुवारीत बघायची तसंच. मी म्हणालो, "हो, बघितलं मी." मोतद्दार म्हणतो मी हल्ली घोडीशी बोलतो. इतकी वर्षं मी काय करत होतो असं त्याला वाटतं कोण जाणे.

सुईचा तो डबा मी रिकामा केला. आता त्यात साखरेचे खडे असतात. डबा वाजला की ती कान टवकारते, आणि मी दर वेळी आत खडेच आहेत ना, ते बघून घेतो. मग ती खडा खाते.

तू मात्र उठू नकोस. तुझ्या आईनं कळवलं, की शेवटचे दिवस तुला पडूनच राहायला सांगितलं आहे आणि तू चडफडतेस. चडफड, पण पडून राहा. शंभरातला एक भाग बाहेर पडला तरी आम्हाला पुरे आहे, बाकीची उष्णता आईवर काढ, तिला सवय आहे.

आणि तो दिवस उजाडला की पत्र लिहीत बसू नकोस. तारही नको. फोन कर आणि त्याच्या तोंडाजवळ बाळाला धर. मला निम्मंच ऐकू येईल हे खरं. पण तेवढ्यावरून मी उठून निघेन, आणि उरलेलं निम्मं तिथे येऊन ऐकेन.

तुझा मामा